घाटमाथ्यावरच्या गावात रुपया किती हातांतून फिरतो, हे कसे मोजावे

नाशिकपासून साधारण ४५ किलोमीटरवर, थळ घाटाच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर इगतपुरी वसलेली आहे. १८६५ साली रेल्वे घाट चढून येथे पोहोचली आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे या गावाचे पोट प्रामुख्याने रेल्वेवर भरले. १९७६ मध्ये गावाच्या कडेला धम्मगिरी हे विपश्यना केंद्र सुरू झाले. सत्यनारायण गोएंका यांनी उभ्या केलेल्या या केंद्रामुळे जगभरातील साधक या छोट्या गावात येऊ लागले आणि रूढ जीवनक्रमापेक्षा वेगळी शिस्त पाळणारा एक समुदाय गावाच्या शेजारी कायमचा राहू लागला. या समुदायामुळेच गाव चालते, असे काही जण सांगतात. त्याचा गावाला काहीच उपयोग नाही, असे दुसरे तितक्याच खात्रीने सांगतात. दोन्ही विधाने मोजल्याशिवाय केलेली असतात. हे मोजता येते, आणि अर्थशास्त्राची पदवी नसलेल्या माणसालाही येते. महाविद्यालयीन विद्यार्थी, नगरसेवक, बचत गटाच्या कार्यकर्त्या, स्थानिक पत्रकार यांपैकी कोणालाही पावसाळा आणि हिवाळा मिळून दोन-तीन महिन्यांच्या कामात करता येईल अशी पद्धत येथे मांडली आहे. उदाहरण इगतपुरीचे असले, तरी एखाद्या आश्रमाच्या किंवा साधना केंद्राच्या शेजारी असलेल्या कोणत्याही गावाला ती लागू पडेल.

समुदाय बाजाराला कोठे भेटतो, हे आधी ओळखावे

पाहणीला सुरुवात करण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते: या समुदायाचा पैसा गावाच्या बाजारात कोणत्या वाटेने उतरतो? सर्व समुदाय सारखे नसतात. पुण्यातील कोरेगाव पार्क परिसरात १९७४ पासून ओशो आश्रम आला, तेव्हा तेथे येणारे अनेक जण आश्रमाबाहेर खोल्या भाड्याने घेऊन राहात आणि जेवणखाण, कपडे, प्रवास यांवरचा त्यांचा खर्च आसपासच्या पेठेत होत असे. तमिळनाडूत १९६८ साली स्थापन झालेल्या ऑरोविलमध्ये समुदायाने स्वतःचे उद्योग आणि कार्यशाळा काढल्या. तेथे भोवतालच्या खेड्यांतील लोकांशी नाते जडले ते मुख्यतः मजुरीतून. इगतपुरीची गोष्ट या दोन्हींहून वेगळी आहे. दहा दिवसांच्या शिबिरात साधक आवाराबाहेर पडत नाही, मोबाइल आणि मौल्यवान वस्तू जमा करतो, मौन पाळतो आणि केंद्राच्या भोजनालयात शाकाहारी जेवण घेतो. त्याच्याकडून शिकवणीचे, निवासाचे किंवा जेवणाचे शुल्क घेतले जात नाही. किमान एक शिबिर पूर्ण केलेल्यांनी दिलेल्या दानावर केंद्र चालते.

या एका गोष्टीमुळे नेहमीचे पर्यटनाचे गणित येथे कोसळते. शंभर साधक दहा दिवस राहिले म्हणजे गावाला हजार पर्यटक-दिवस मिळाले, असा हिशेब मी अनेकदा ऐकला आहे आणि तो साफ चुकीचा आहे. साधकाचा स्वतःचा खर्च गावात होतो तो येण्याच्या दिवशी आणि जाण्याच्या दिवशी: रिक्षा, चहा-नाश्ता, क्वचित आदल्या रात्रीची खोली, विसरलेली छत्री, टॉर्च किंवा साबण. मधल्या दहा दिवसांत त्याच्या वाटचा खर्च केंद्र करते, आणि तो कोठीघरातून, विजेच्या देयकातून, दुरुस्तीच्या कामातून आणि पगारी माणसांच्या वेतनातून बाहेर येतो. म्हणून पाहणी करणाऱ्याने फाटकाबाहेरची गर्दी मोजण्यात जितका वेळ घालवावा, त्याच्या तिप्पट वेळ कोठीघराच्या खरेदीचा माग काढण्यात घालवावा.

सीमा आखून घ्यावी

‘स्थानिक’ कशाला म्हणायचे, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे आणि मध्येच बदलू नये. इगतपुरी नगरपरिषदेची हद्द धरली, तर घोटीचा बाजार बाहेर पडतो. परंतु तालुक्यातील भाताचा मोठा व्यापार आणि भात सडण्याच्या गिरण्या घोटीतच आहेत. नाशिक जिल्हा ही सीमा धरली, तर नाशिकच्या घाऊक व्यापाऱ्याकडे गेलेला पैसाही ‘आतला’ ठरतो आणि उत्तर फुगते. माझ्या मते या कामासाठी तालुका ही योग्य सीमा आहे, कारण भात, नागली, वरई आणि खुरासणी पिकवणारा शेतकरी, रिक्षावाला, गवंडी आणि भाजीवाली हे सगळे तालुक्याच्या आत राहतात आणि आपली कमाई बहुतेक तेथेच खर्च करतात.

दिवसांची निवड

पाहणीचे दिवस सोयीने निवडले, तर निष्कर्षही सोयीचाच निघतो. दहा दिवसांचे शिबिर प्रत्यक्षात बारा तारखांना स्पर्श करते, कारण पहिल्या दिवसाच्या आदल्या दुपारी साधक येतात आणि अकराव्या दिवशी सकाळी निघतात. केंद्राचे शिबिरांचे वेळापत्रक जाहीर असते. ते समोर ठेवून किमान दोन पूर्ण शिबिरांचा काळ निवडावा. त्यातील एक काळ जुलै-ऑगस्टचा आणि दुसरा जानेवारी-फेब्रुवारीचा असावा. पावसाळ्यात इगतपुरीत मुंबई-नाशिकच्या सहलींची झुंबड उडते, भावली धरणाच्या रस्त्यावर धबधबे पाहणाऱ्यांची वाहने उभी राहतात आणि मक्याची कणसे, भजी, चहा यांच्या गाड्या लागतात. हे उत्पन्न केंद्राच्या खात्यावर टाकणे ही या गावाबद्दल लिहिणाऱ्यांची सर्वांत सामान्य चूक आहे. हिवाळ्यातील साध्या मंगळवारी, शिबिर चालू असताना आणि कोणीही येत-जात नसताना, बाजारात जी उलाढाल दिसते ती आधाररेषा समजावी. येण्याजाण्याच्या दिवशी त्याहून जे जास्त दिसेल, तेवढेच साधकांचे.

लोकांना काय विचारावे

उत्पन्न किती, हा प्रश्न थेट विचारला की दुकानदार हात आखडता घेतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. रिक्षा स्टँडवर ‘दिवसाला किती मिळतात’ असे विचारण्याऐवजी ‘आज किती फेऱ्या झाल्या, त्यातील केंद्राकडे किती, शेअर किती, स्पेशल किती’ असे विचारावे. फेऱ्या सांगायला कोणालाही संकोच वाटत नाही, आणि फेऱ्यांवरून उत्पन्नाचा अंदाज आपला आपण काढता येतो. दोन जणांनी स्टेशनच्या बाहेरच्या दाराशी बसून प्रत्येक गाडीनंतर सामान घेऊन उतरणाऱ्यांची नोंद ठेवावी, म्हणजे रिक्षावाल्यांच्या आकड्यांची पडताळणी होते. किराणा दुकानात विक्रीपेक्षा खरेदीबद्दल बोलावे: साखर कोठून येते, तांदूळ कोणाचा, डाळ कोणत्या दिवशी आणि कोणाच्या टेम्पोतून येते. दुकानदार खरेदीच्या अडचणी मनापासून सांगतो, आणि या अभ्यासाला हवी असलेली माहिती नेमकी त्या अडचणींतच असते.

दुकानातील उधारीची वही पाहायला मिळाली, तर तिच्याइतका बोलका कागद दुसरा नाही. मात्र त्यातील नावे उतरवून घेऊ नयेत. कोणत्या महिन्यात उधारी वाढते आणि कधी फिटते, एवढीच नोंद करावी. भाताच्या हंगामानंतर उधारी फिटत असेल, तर गावाचा कणा अजून शेती आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फिटत असेल, तर तो पगार आहे.

साधकांना प्रश्न विचारताना विशेष काळजी घ्यावी. दहा दिवसांच्या मौनानंतर बाहेर पडलेल्या माणसासमोर फाटकातच प्रश्नावली धरणे अयोग्य आहे. व्यवस्थापनाची परवानगी घ्यावी, स्टेशनवर किंवा चहाच्या दुकानात निवांत भेटलेल्यांनाच विचारावे, आणि प्रश्न तीनच ठेवावेत: गावात आधी किंवा नंतर मुक्काम केला का, काय विकत घेतले, आणि साधारण किती खर्च झाला.

तीन फेऱ्यांचा हिशेब

आता मुख्य भाग. लंडनच्या न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशनने लहान वस्त्यांसाठी एक सोपी रीत तयार केली आहे, जिच्यात पैशाच्या पहिल्या तीन फेऱ्याच मोजतात. पहिली फेरी म्हणजे संस्थेने खर्च केलेली एकूण रक्कम. दुसरी फेरी म्हणजे त्यातील तालुक्याच्या आत खर्च झालेला भाग. तिसरी फेरी म्हणजे तो भाग ज्यांच्या हाती आला, त्यांनी पुन्हा तालुक्यातच खर्च केलेली रक्कम. तिन्हींची बेरीज करून पहिल्या रकमेने भागावे. येणाऱ्या उत्तराला गुणक म्हणतात आणि ते १ ते ३ यांच्या दरम्यान येते. ते १ च्या जवळ असेल, तर पैसा आला आणि लगेच घाट उतरून गेला. जितके वर चढेल, तितका तो गावात रेंगाळला.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. यातील आकडे कोणत्याही संस्थेचे नाहीत. समजा, एखाद्या केंद्राचा महिन्याचा खर्च १० लाख रुपये आहे आणि त्यातील ३ लाख ५० हजार रुपये तालुक्यातील दुकानांत जातात. ही दुकाने सगळा माल बाहेरून आणतात, त्यामुळे दर शंभर रुपयांतील १२ रुपयेच नफा, हमाली आणि नोकराचा पगार या रूपाने तालुक्यात राहतात, असे धरू. तिसरी फेरी ४२ हजारांची होते, बेरीज १३ लाख ९२ हजार आणि गुणक साधारण १.३९.

आता याच साडेतीन लाखांपैकी निम्मी रक्कम, म्हणजे १ लाख ७५ हजार रुपये, तालुक्यातील भात उत्पादकांना आणि भाजी पिकवणाऱ्यांना थेट दिली आणि त्यांच्या हातचे शंभरातील ६० रुपये मजुरी, शेणखत, बैलांची किंवा ट्रॅक्टरची भाडी, दळण आणि किराणा यांवर तालुक्यातच खर्च झाले, असे समजू. त्या अर्ध्यातून १ लाख ५ हजार आणि उरलेल्या अर्ध्यातून २१ हजार, अशी तिसरी फेरी १ लाख २६ हजारांवर जाते आणि गुणक साधारण १.४८ होतो. केंद्राने एक रुपयाही जास्त खर्च केलेला नाही, साधकही वाढलेले नाहीत, तरी तालुक्यात महिन्याला ८४ हजार आणि वर्षाला १० लाख ८ हजार रुपये अधिक फिरले. गावातील दुकानातून घेतले म्हणजे गावात राहिले, ही समजूत किती अपुरी आहे, हे यावरून दिसते. गावातील दुकान हे पुष्कळदा नाशिकच्या किंवा मुंबईच्या घाऊक बाजाराची खिडकी असते. खिडकीपाशी उभा असलेला माणूस आपला असतो, माल आणि बहुतेक पैसा आपला नसतो.

तिसऱ्या फेरीसाठी प्रत्येक दुकानदाराला गाठणे शक्य नसते. दूध, भाजी, धान्य, गॅस, बांधकाम, वाहतूक आणि धुलाई या प्रत्येक गटातून तीन-चार जणांना शंभर रुपयांची खेळातली नाणी द्यावीत आणि ‘तुमच्याकडे आलेले शंभर रुपये कोठे जातात, ते मांडून दाखवा’ असे सांगावे. माल, भाडे, मजुरी, वीज, कर्जाचा हप्ता आणि घरखर्च अशा ढिगांत माणसे नाणी भराभर मांडतात, आणि आकडे विचारून मिळते त्याहून खरे चित्र समोर येते.

श्रमदानाची किंमत लावू नये

विपश्यना केंद्रात स्वयंपाकापासून स्वच्छतेपर्यंत पुष्कळ कामे धर्मसेवक विनावेतन करतात. त्यावर काही अभ्यासक लगेच म्हणतात की, तेवढा रोजगार गावाने गमावला. हा निष्कर्ष मला मान्य नाही. शिबिर विनाशुल्क चालते ते या सेवेच्या आधारावर. सेवेच्या जागी पगारी माणसे धरली, तर शुल्क धरावे लागते आणि मग ज्या संस्थेचा आपण हिशेब करत आहोत, ती संस्थाच उरत नाही. म्हणून सेवेचे तास वेगळ्या रकान्यात लिहावेत, रुपयांत रूपांतर करू नये. पगारी कामे मात्र नीट नोंदवावीत: गवंडी, बिगारी, माळी, चालक, रखवालदार यांपैकी किती जण तालुक्यातील आहेत, त्यांत महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी पाड्यांतील किती, आणि काम बारमाही आहे की रोजंदारीचे. तिसऱ्या फेरीला सर्वाधिक बळ याच मजुरीतून मिळते.

जमीन आणि भाडे

बाजारातील रुपयापेक्षा जमिनीतील रुपया मोठा असतो आणि तो शांतपणे काम करतो. केंद्राच्या ओढीने शेजारी घर घेणारे साधक, निवृत्तीनंतर थंड हवेत राहायला येणारे लोक आणि सुट्टीपुरता बंगला बांधणारे मुंबईकर यांचा परिणाम एकाच किमतीत मिसळतो. तो वेगळा करण्यासाठी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरील ई-सर्चमधून जमिनीच्या निवडलेल्या दोन-तीन गटांचे सूची क्रमांक २ चे उतारे (नोंदवलेल्या खरेदी-विक्रीचा गोषवारा) पाहावेत आणि वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्याशी (रेडी रेकनरशी) त्यांची तुलना करावी. केंद्रालगतचे गाव आणि केंद्रापासून दूर, परंतु महामार्गाला तितकेच जवळ असलेले गाव, अशी जोडी घेतली, तर फरकाचा अंदाज येतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, त्यामुळे त्यानंतरचे दर आधीच्या दरांशी सरळ जोडू नयेत.

सातबारा पाहताना एक गोष्ट जरूर तपासावी. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीकडे जाण्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार पूर्वपरवानगी लागते. अशा जमिनीभोवती दर चढले, तरी तो चढता दर मूळ खातेदाराच्या हाती क्वचितच येतो, आणि सरासरी किंमत वाढली असे लिहिताना हा माणूस नजरेआड होतो. दुसरीकडे, भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या शिक्षकाला, रेल्वेच्या कंत्राटी कामगाराला किंवा रिक्षाचालकाला पाच वर्षांत भाडे किती वाढले, हे विचारावे. घरमालकाचे उत्पन्न आणि भाडेकरूचा भार ही एकाच व्यवहाराची दोन टोके असून दोन्ही अहवालात आली पाहिजेत.

कागदपत्रे कोठे मिळतात

नगरपरिषदेचा वार्षिक अर्थसंकल्प हा सार्वजनिक दस्तऐवज आहे. त्यातून घरपट्टी, पाणीपट्टी आणि बाजार फी यांचे आकडे घ्यावेत. धर्मादाय संस्थेला कोणती सवलत मिळते आणि तिच्याकडून पाणी-कचऱ्याचे किती पैसे येतात, हे एकत्र पाहावे. नगरपरिषदेने ही माहिती न दिल्यास माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली साधा अर्ज करावा. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेचे लेखापरीक्षित हिशेब महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार धर्मादाय कार्यालयात दाखल होतात. तरीही मी आधी संस्थेच्या कार्यालयातच जाण्याचा आग्रह धरीन. अर्जाने आकडा मिळतो. समोर बसून बोलल्यावर तांदूळ तालुक्यातून का घेता येत नाही, याचे कारण मिळते.

हे कारण बहुधा भाव नसते. मोठ्या भोजनालयाला ठरलेल्या तारखेला, एकसारख्या दर्जाचा, पक्क्या पावतीसह आणि पैशासाठी काही दिवस थांबू शकणाऱ्या पुरवठादाराकडून माल हवा असतो. एकट्या शेतकऱ्याला यातील एकही अट झेपत नाही, गटाला झेपते. दिंडोरी तालुक्यातील मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही शेतकरी उत्पादक कंपनी याच जिल्ह्यात उभी राहिली आहे, तेव्हा अशा रचनेसाठी दूर जाण्याची गरज नाही. इगतपुरीत सुरुवात लहान करावी: एखाद्या बचत गटाने महिन्याला दोन क्विंटल इंद्रायणी तांदूळ, नागलीचे पीठ किंवा पालेभाजीची ठरावीक जुडी एवढाच करार करावा, तीन महिने एकही खेप चुकवू नये आणि मग प्रमाण वाढवावे.

एकाच आधाराचा धोका

अहवालात एक प्रकरण जोखमीवर असावे, आणि त्यासाठी इगतपुरीला स्वतःचाच इतिहास पुरेसा आहे. कसाऱ्याहून वर येणाऱ्या गाडीला ३७ फुटांत १ फूट असा चढ चढावा लागतो, म्हणून मागून जोडइंजिने लावतात. शिवाय पूर्वी मुंबई बाजूला १५०० व्होल्टची डीसी आणि नाशिक बाजूला २५ हजार व्होल्टची एसी वीज असल्याने इगतपुरीत इंजिन बदलावे लागे. त्या थांब्यावर फलाटावरचे वडेवाले, चहावाले, हमाल आणि रेल्वे वसाहतीच्या पगारावर चालणारी दुकाने उभी होती. वीजप्रणाली एक झाली आणि इंजिन बदलण्याचे कारणच संपले. निर्णय गावाबाहेर झाला आणि गावाच्या ताटातला घास कमी झाला. केंद्राच्या बाबतीतही शिबिरांची संख्या, खरेदीचे धोरण आणि दानाचा ओघ यांपैकी काहीच गावाच्या हाती नाही. म्हणून प्रत्येक दुकानदाराला विचारावे की, केंद्र तीन महिने बंद राहिले तर धंद्याचा कितवा हिस्सा जाईल. २०२० च्या टाळेबंदीचा अनुभव ताजा असल्याने या प्रश्नाला अंदाजाने नव्हे, आठवणीने उत्तर मिळते.

संबंध बिघडले, तर हिशेबाला अर्थ राहात नाही, याचे टोकाचे उदाहरण अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात घडले. १९८१ मध्ये रजनीशांच्या (म्हणजे ओशोंच्या) अनुयायांनी अँटेलोप या चिमुकल्या गावाजवळ मोठे रँच घेतले, पुढे मतदानाच्या बळावर गावाची सत्ता मिळवली आणि गावाचे नावही बदलले. १९८५ मध्ये वसाहत मोडल्यावर जुने नाव परत आले. इगतपुरीत असे काही नाही, परंतु निर्णय होतात तेथे गावकऱ्यांना बसायला जागा आहे का, हा प्रश्न पाहणीत असावा.

तयार झालेला अहवाल आधी गावात वाचून दाखवावा: नगरपरिषदेच्या सभागृहात, रिक्षा स्टँडवर आणि बचत गटाच्या बैठकीत, मराठीत. ज्यांनी नाणी मांडली, त्यांना आपला ढीग ओळखू आला पाहिजे. तो ओळखू आला नाही, तर चूक आपली समजून आकडे पुन्हा तपासावेत. २०२७ च्या सिंहस्थात नाशिक आणि त्र्यंबकेश्वरकडे जाणाऱ्या गाड्या, रस्ते, भाडी आणि भाव हे सगळेच वर जातील, आणि त्या काळातील मोजणीवरून केंद्राबद्दल काहीही सांगता येणार नाही. त्यामुळे आधाररेषेची मोजणी सिंहस्थाची गर्दी सुरू होण्यापूर्वी करून ठेवावी आणि दुसरी मोजणी तो आटोपल्यानंतरच्या हिवाळ्यात, त्याच स्टँडवर, त्याच दुकानांत आणि तेच प्रश्न घेऊन करावी.